घरी जायची गाडी

न्यूयॉर्कच्या नकाशात व्हॅन कोर्टलँड पार्क अगदी वरच्या अंगाला, ब्राँक्समध्ये. कोनी आयलंड तळाला, समुद्राच्या काठावर. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर ३६-३७ किलोमीटर भरेल. सीएसएमटी ते ठाणे, वर थोडं. 'द वॉरियर्स' हा वॉल्टर हिलचा १९७९ चा सिनेमा म्हणजे एवढं अंतर कापायला लागलेली एक रात्र. कोनी आयलंडच्या वॉरियर्स टोळीतली नऊ पोरं टोळ्यांच्या सभेला वर जातात आणि उजाडेपर्यंत आपल्या गल्लीत परत यायला धडपडतात. बस, गोष्ट संपली.

ही गोष्ट मुंबईत रचताच आली नसती. आपली लोकल रात्री एकच्या सुमारास झोपते ती चारनंतर उठते. शेवटची गाडी चुकली की नायक प्लॅटफॉर्मवर पथारी पसरणार, आणि त्याच्याबरोबर पटकथाही. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते. पण रात्री गाड्या विरळ, डबे रिकामे, आणि मध्येच रुळांवर आग लागली म्हणून सगळ्यांना उतरवलं तर आपण नेमके कुणाच्या हद्दीत उभे आहोत हे जिना चढून वर येईपर्यंत कळत नाही. सिनेमाचा सगळा ताण या सोयीतूनच येतो. गाडी आहे, घरापर्यंत जाते, फक्त तिच्यात बसून राहता आलं पाहिजे.

वरून खाली येताना त्यांचे थांबे नकाशावर बोट फिरवावं तसे येतात: ब्राँक्समधलं ट्रेमॉन्ट, मग मॅनहॅटनमध्ये ९६वा रस्ता, मग १४व्या रस्त्यावरचं युनियन स्क्वेअर, आणि तिथून ब्रुकलिन ओलांडून कोनी आयलंड. चुकामूक झाली तर युनियन स्क्वेअरला भेटायचं, कारण खालची गाडी तिथून मिळते. प्रेक्षकाला न्यूयॉर्क ठाऊक नसलं तरी अडत नाही. सुरुवातीच्या नामावलीतच धडधडती गाडी, सबवेचा नकाशा आणि पोरांची तुटक बोलणी आलटून पालटून दाखवत हिल सगळा भूगोल पाच-सहा मिनिटांत हातात देतो, वर बॅरी डी व्होरझॉनचा सिंथेसायझर आणि गिटार. त्यानंतर रस्ता समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

गोष्टीचं मूळ मात्र जुनं आहे. इसवी सनपूर्व ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस याने थोरल्या भावाचं सिंहासन मिळवायला दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री शिपाई गोळा केले. बॅबिलॉनजवळ कुनाक्साला लढाई झाली. ग्रीकांनी आपली बाजू राखली, पण सायरसच पडला. ज्याच्यासाठी आलो तोच गेला, पगार बुडाला, आणि सैन्य परक्या मुलखात घरापासून महिनोन्‌महिन्यांच्या अंतरावर अडकलं. पुढे टिसाफर्निस या क्षत्रपाने बोलणी करायला बोलावून त्यांचे पाच सेनापती दग्याने धरले, आणि ते मारले गेले. मग उरलेल्यांनी नवे म्होरके निवडून काळ्या समुद्रापर्यंत वाट काढली. त्यांच्यातल्याच झेनोफनने हे लिहून ठेवलं. १९६५ मध्ये सोल युरिकने ती चौकट उचलून न्यूयॉर्कच्या टोळ्यांवर कादंबरी बेतली. तो शहराच्या कल्याण खात्यात काम केलेला माणूस होता, आणि त्याच्या कादंबरीतली पोरं सिनेमातल्यापेक्षा पुष्कळ ओबडधोबड आणि क्रूर आहेत. त्यातलं एक पोर प्रवासभर त्याच ग्रीक शिपायांचं चित्रकथेचं पुस्तक वाचत असतं, आणि आपण त्याच गोष्टीत आहोत याचा त्याला पत्ता नसतो.

माघारीची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही म्हणा. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली ती पावसातली रात्र आपण कित्येक जिंकलेल्या लढायांपेक्षा जास्त वेळा सांगतो.

सिनेमात सायरस हा ग्रॅमर्सी रिफ्स या सर्वात मोठ्या टोळीचा प्रमुख आहे. त्याने शंभर टोळ्यांचे प्रत्येकी नऊ प्रतिनिधी बोलावलेत, सगळे बिनहत्यारी. तो उंचावर उभा राहून हिशोब मांडतो: वीस हजार पक्के, उपटोळ्या धरून चाळीस, आणि संघटनेत नसलेले पण लढायला तयार असे आणखी वीस, म्हणजे साठ हजार. शहरात पोलीस किती, तर वीस हजार. एकास तीन. आपसातली भांडणं थांबवली तर शहर आपलं. हे भाषण आजही अंगावर येतं, कारण त्यात घोषणा थोड्या आणि बेरीज जास्त आहे. १९७५ च्या आर्थिक संकटात न्यूयॉर्कने खरोखरच हजारो पोलिसांना घरी बसवलं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला ही बेरीज कागदावरची वाटली नसणार. गंमत अशी की जाहिरातवाल्यांना तीनपट कमी वाटलं. पोस्टरवर टोळीवाले एक लाख झाले आणि प्रमाण एकास पाच.

भाषण संपता संपता रोग्ज टोळीचा ल्यूथर सायरसला गोळी घालतो आणि बोट वॉरियर्सकडे दाखवतो. त्यांचा म्होरक्या क्लिऑन गर्दीत तुडवला जातो. उरलेले आठ पळतात.

इथे खऱ्या ब्राँक्सची एक गोष्ट आठवते. डिसेंबर १९७१ मध्ये घेटो ब्रदर्स या टोळीने दोन टोळ्यांचं भांडण मिटवायला आपला एक तरुण पाठवला, आणि तो मारला गेला. सगळ्यांना वाटलं आता ब्राँक्स पेटणार. घेटो ब्रदर्सनी सूड घ्यायचं नाकारलं, हो ॲव्हेन्यूवरच्या बॉईज क्लबमध्ये टोळ्यांची बैठक बोलावली आणि तहावर सह्या घेतल्या. त्यानंतर एकमेकांच्या वस्तीत जाणं-येणं सोपं झालं, आणि पुढे त्याच भागातल्या नाचगाण्याच्या पार्ट्यांतून हिपहॉप उभं राहिलं. कादंबरी आधीची असल्याने सिनेमाने ही घटना उचलली असं म्हणता येत नाही. पण शेजारी शेजारी ठेवून पाहावं असं आहे. सिनेमात शांतता मागणारा मरतो आणि शिकार सुरू होते. खऱ्या ब्राँक्समध्ये शांतता मागणारा मेला आणि बैठक बसली.

आता बंड्यांकडे येऊ. वॉरियर्सच्या अंगात तपकिरी चामडी बंडी, बहुतेकांच्या आत काहीच नाही, पाठीवर टोळीचं चिन्ह. टोळीच्या भाषेत या बंडीला 'कलर्स' म्हणतात. सिनेमा रात्रीचा, माणसं धावणारी, चौकटीत एका वेळी पंधरा-वीस जण. अशा वेळी चेहरे ओळखू येत नाहीत. प्रेक्षकाला आधी दिसतो आकार, मग रंग, आणि चेहरा झालाच तर सगळ्यात शेवटी. बॉबी मॅनिक्स आणि मेरी एलन विन्स्टन यांनी पोशाख हे ओळखूनच केले आहेत. बेसबॉल फ्यूरीज घ्या: उभ्या रेघांचे खेळाडूंचे गणवेश, रंगवलेली तोंडं, हातात बॅट. हिलला बेसबॉलचं वेड आणि 'किस' या रॉक बँडची आवड, त्यातून ही टोळी जन्मली. पूर्ण सिनेमात फ्यूरीज एक अक्षर बोलत नाहीत. आणि त्याच सगळ्यांच्या लक्षात राहतात! टर्नबुल एसीज डोकी भादरून जुन्या बसला लटकून येतात. हाय-हॅट्स उंच टोप्या आणि मूकनाट्यवाल्यांचे पांढरे चेहरे घेऊन सभेला हजर. पंक्स डंगरी घालतात, त्यांचा एक जण तर चाकांच्या बुटांवर. खऱ्या टोळ्या अशा कधीच नव्हत्या, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. पण अंधारात एका खांबामागून अर्धा खांदा दिसला तरी कोण आलं ते कळतं, आणि थरार तिथेच असतो.

या सगळ्यांत मला ट्रेमॉन्टचे ऑर्फन्स फार सच्चे वाटतात. त्यांना काही शैलीच नाही. मळके टी-शर्ट, त्यावर टोळीचं नाव, बास. सभेचं आमंत्रण त्यांना नव्हतं आणि तेच त्यांना सलतंय. त्यांच्या म्होरक्याला भांडायचं नाही, वॉरियर्सनाही नाही. दोन मिनिटं समोरासमोर बोलून प्रकरण मिटतही येतं. तेवढ्यात त्यांच्यातलीच मर्सी येऊन त्याला डिवचते. मग अट पडते: जा, पण बंड्या उतरवून, साध्या माणसांसारखे जा. क्लिऑननंतर वॉरियर्सचा म्होरक्या झालेला स्वान नाही म्हणतो. व्यवहार पाहिला तर हा शुद्ध मूर्खपणा आहे, कारण बंडी काढली असती तर पुढची निम्मी रात्र सोपी गेली असती. पण बंडी काढली की ते कोण उरतात, हे स्वानला माहीत आहे आणि ऑर्फन्सलाही. म्हणून तर अट तीच घातली गेली. पेटती बाटली एका मोटारीवर फुटते आणि धावपळ पुन्हा सुरू.

बंडीचं महत्त्व पडद्याबाहेरही होतं. कोनी आयलंडमध्ये खरी टोळी होती आणि तिच्या हद्दीत दुसऱ्या कुणाचे कलर्स मिरवलेले तिला चालणार नव्हते. म्हणून काम संपलं की नटांनी बंड्या काढून ठेवायच्या. सामानाच्या गाड्या राखायला एका खऱ्या टोळीलाच रोजचे ५०० डॉलर देऊन नेमलं होतं. सभेचं दृश्य चित्रित झालं मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये. त्या गर्दीत खऱ्या टोळ्यांतली पोरंही होती, आणि दंगा होऊ नये म्हणून साध्या वेषातले, ड्यूटीवर नसलेले पोलीसही.

चित्रीकरण १९७८ च्या उन्हाळ्यात झालं, आणि इथे हिशोब अवघड होतो. जूनअखेर न्यूयॉर्कला सूर्य साडेआठला मावळतो आणि साडेपाचच्या आधी उगवतो. मावळल्यावरही आकाश तासभर निळसर राहतं, पहाटे तसंच. म्हणजे काळीकुट्ट रात्र हाताला लागते जेमतेम सात तास, त्यात जेवणाची सुट्टी, दिवे हलवणं, पुढच्या गल्लीत जाणं. रात्रीची कथा उन्हाळ्यात घ्यायची तर हा तोटा धरूनच चालावं लागतं.

दुसरी अडचण रस्त्याची. कोरडं डांबर रात्री प्रकाश गिळून टाकतं. त्या काळची रंगीत फिल्म आजच्या मानाने फारच मंद, त्यामुळे चौकटीचा खालचा अर्धा भाग नुसता काळा खड्डा होतो आणि धावणारी माणसं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. रस्ता ओला केला की तोच आरसा होतो. दुकानाची निऑन पाटी, सिग्नलचा लाल, मोटारीचे दिवे, सगळं खाली उतरतं आणि एका दिव्याचं काम दुप्पट होतं. म्हणून रात्रीच्या कामाला पाणी मारणं हा जुना रिवाज आहे. पण त्याच्या भानगडीही तेवढ्याच. गरम डांबरावरचं पाणी दिवे बसेपर्यंत ठिपक्याठिपक्यांनी वाळतं, मग एका शॉटमध्ये रस्ता चकाकतो आणि दुसऱ्यात चट्टे दिसतात. वायरी पाण्यात जातात. धावणारा नट वळणावर घसरतो. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: पाऊस नसताना रस्ता ओला का?

छायाचित्रकार अँड्र्यू लॅझलोने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्याने हिलला रात्रीच्या सुरुवातीलाच एक पावसाची सर टाकायला लावली. पोरं सभेतून पळालीत, अजून ब्राँक्समध्येच आहेत, आणि पाऊस येतो. एकदा तो दाखवला की पहाटेपर्यंत शहरातला कुठलाही रस्ता हवा तेवढा ओला ठेवायची मुभा मिळाली. पाहणाऱ्याला ही निव्वळ हवा वाटते.

दिवसाउजेडी चित्रित केलेला एक आरंभही होता, कोनी आयलंडवरचा, क्लिऑन पोरांना सभेबद्दल सांगतो तो. हिलने तो कापला. त्यामुळे सिनेमा सुरू होतो काळोखातल्या दिव्यांच्या वंडर व्हीलपासून, म्हणजे कोनी आयलंडच्या १९२० सालच्या १५० फुटी पाळण्यापासून, आणि ऊन पहिल्यांदा दिसतं ते अगदी शेवटी. उजाडण्याची किंमत वाढवायची तर आधीचा उजेड पूर्ण वगळायला हवा, हे कात्री हातात असलेल्याला कळलं होतं.

भुयारातली बरीच दृश्यं ब्रुकलिनच्या हॉइट-शर्मरहॉर्न स्टेशनात घेतली. तिथले बाहेरच्या बाजूचे प्लॅटफॉर्म १९४६ पासून नेहमीच्या गाड्यांना बंद आहेत, म्हणून सिनेमावाल्यांचे लाडके. मायकल जॅक्सनच्या 'बॅड'चा व्हिडिओही पुढे तिथेच झाला. शौचालयातली पंक्सशी मारामारी मात्र अस्टोरियाच्या स्टुडिओत उभारलेल्या सेटवरची. खऱ्या ठिकाणी भिंत सरकवता येत नाही, कॅमेरा मागे न्यायला जागा नसते, आणि खऱ्या आरशावर माणूस फेकता येत नाही. त्या मारामारीची रचना पाहण्यासारखी आहे. आधी बराच वेळ शांतता, फरशीवर फिरणाऱ्या चाकांचा आवाज. वॉरियर्स संडासांच्या दारांमागे दबून. मग एकदम दारं उघडतात. रेम्ब्रांट, ज्याचं टोळीतलं काम भिंतींवर नाव रंगवणं, तो रंगाच्या डब्याचा फवारा समोरच्याच्या तोंडावर मारतो. त्यानंतर हात, बॅटी, दारं, बेसिनं. अरुंद जागेत कुणालाच मागे सरकता येत नाही, म्हणून प्रत्येक फटका कशावर तरी आदळतो आणि त्या आदळण्यातूनच तो खरा वाटतो. वाटाड्या फॉक्स तोवर गेलेला असतो, पोलिसाशी झटापटीत गाडीखाली. खरं कारण साधं: नट थॉमस वेट्स आणि दिग्दर्शक यांचं पटेना, म्हणून पात्रच अर्ध्यावर मारलं. तो मृत्यू लांबून, बदली माणसावर घेतलाय. मर्सीची जोडी फॉक्सशी जुळायची होती. ती स्वानच्या वाट्याला आली.

आणि तिथून ते दृश्य निघालं, ज्याच्यासाठी मी हा सिनेमा इतर मारामारीच्या सिनेमांच्या वर ठेवतो. रात्र सरत आलीय. स्वान आणि मर्सी डब्यात शेजारी बसलेत, रात्रभराची धूळ आणि घाम अंगावर. एका स्टेशनवर दोन जोडपी चढतात, शाळेच्या निरोपाच्या नाचाहून परतणारी, कोट, झगे, फुलं. हसत-खिदळत समोरच्याच बाकावर बसतात. मग त्यांचं लक्ष जातं. हसणं मावळतं. कॅमेरा त्यांच्या स्वच्छ बुटांवरून मर्सीच्या मळलेल्या पायांवर येतो. मर्सीचा हात आपसूक केसांकडे जातो, नीट करायला. स्वान तो हात मधेच धरतो आणि खाली आणतो. कुणी काही बोलत नाही. पुढच्या स्टेशनवर जोडपी उतरून जातात, डब्यात एक फूल पडलेलं राहतं. दोन्हीकडची पोरं वयाने सारखीच असावीत. स्वान पुढे ते फूल मर्सीला देतो, तेही फुकट जायला नको म्हणून, असं काहीसं म्हणत.

संपूर्ण रात्र एक रेडिओवरची बाई पोरांचा ठावठिकाणा टोळ्यांना कळवत असते. आपल्याला तिचे फक्त ओठ, मायक्रोफोन आणि फिरती तबकडी दिसते. वॉरियर्सकडे रेडिओ नाही. आपल्या डोक्यावर खुनाचा आळ आहे हे त्यांच्यातल्या तिघांना युनियन स्क्वेअरजवळ लिझीज या मुलींच्या टोळीच्या घरात अडकल्यावर कळतं, तोवर आपण ते तासभर जाणून असतो. लिन थिगपेनने ही भूमिका निव्वळ आवाजावर पेलली आहे.

९ फेब्रुवारी १९७९ ला सिनेमा अमेरिकेत सहाशेच्या वर थिएटरांत लागला आणि तुफान चालला. पहिल्याच आठवड्यात कॅलिफोर्निया आणि बोस्टनच्या भागात मिळून तीन तरुणांचे खून झाले, आणि त्यांचा संबंध प्रेक्षकांशी जोडला गेला. पॅरामाउंटने जाहिराती थांबवल्या, नको असेल त्या थिएटरवाल्याला सिनेमा उतरवायची मोकळीक दिली, काही ठिकाणी पहाऱ्याचे पैसेही भरले. बोस्टनच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला की सिनेमा हिंसेला चिथावणी देत नाही. माझ्या मते दोष असलाच तर त्या एकास पाचवाल्या पोस्टरचा. सिनेमात ती फौज एकदाच दिसते, सभेत, आणि लगेच फुटते. बाकी वेळ आठ-नऊ दमलेली पोरं पायऱ्या चढतात आणि उतरतात.

परत आले सहा. क्लिऑन गेला, फॉक्स गेला, आणि अजॅक्स पार्कातल्या बाकावर बसलेल्या बाईच्या नादी लागून बेड्यांत अडकला. ती पोलीस निघाली. कोनी आयलंडवर पहाटे रोग्जची शववाहिका येऊन थांबते, आणि ल्यूथर बोटांत तीन बाटल्या अडकवून किणकिण वाजवत त्यांना खेळायला बाहेर बोलावतो. हे लिहिलेलं नव्हतं, डेव्हिड पॅट्रिक केलीने जागेवर रचलं. सायरसला का मारलंस, याला त्याच्याकडे धड उत्तर नसतं. असं करायला आवडतं, एवढंच.

२००५ मध्ये हिलने आपली नवी आवृत्ती काढली. सुरुवातीला ग्रीक सैन्याची गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगितली, आणि दृश्यं बदलताना चित्रकथेच्या चौकटी घातल्या. त्याला म्हणे पहिल्यापासून हेच करायचं होतं, १९७९ ला वेळ आणि पैसा नव्हता. असेलही. पण ती पोरं चित्रकथेतून उतरल्यासारखी दिसतात हे बंड्या आणि रंगवलेली तोंडं पाहून कुणालाही आधीच कळत होतं. चौकटी येतात तिथे गाडी विनाकारण थांबल्यासारखी वाटते, जोडप्यांच्या त्या दृश्याआधी तर फारच. बरीच वर्षं ब्लू-रेवर हीच आवृत्ती मिळायची. २०२३ मध्ये ॲरो व्हिडिओने दोन्ही एकत्र काढल्या. तेव्हा लावलेली कुठली हे पहिल्या मिनिटातच पाहून घ्यावं. ग्रीक शिपाई दिसले तर बंद करून दुसरी शोधा. काळोखात पाळणा दिसला तर दिवे घालवा आणि बसा.